भूक मारायची नाही, भागवायची

कुणी भांडी घासून आत्ताच टेकली असेल, कुणी कापूस वेचता वेचता मोबाइल कमरेला खोचून ऐकत असेल. जिथं असाल तिथं पंधरा मिनिटं माझ्याकडं कान द्या.

मी बचत गटांची सहयोगिनी. एरवी या कार्यक्रमात मी बँक कर्ज, परतफेड, दप्तर कसं लिहायचं, हे सांगते. आज मात्र वजन कमी करायच्या पावडरी, कॅप्सूल आणि चहा यांच्याबद्दल बोलणार आहे. आणि भुकेबद्दलही. मी डॉक्टर नाही, बी.ए. झालेली बाई आहे. आज जे सांगणार आहे ते उपकेंद्रातल्या ताईंकडून आणि ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांकडून नीट समजून घेतलं आहे. ते समजून घ्यायची वेळ माझ्यावर का आली, ते आधी सांगते. त्यात माझीही चूक आहे.

मागच्या वर्षी आमच्या एका गटात एक डबा आला. आणणारी बाई गटातलीच. सकाळी आणि रात्री जेवणाऐवजी पावडरचा शेक घ्यायचा, पहाटे उपाशीपोटी एक चहा प्यायचा. 'पूर्ण आयुर्वेदिक, काही साइड इफेक्ट नाही, महिन्यात पाच किलो कमी.' डब्याची किंमत २,४०० रुपये. तेव्हा दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं वजन वाढलेलं होतं. गावोगाव स्कूटीवर फिरायचं, दम लागायचा. मी पहिला डबा घेतला. पंधरा दिवसांत माझं वजन तीन किलो उतरलं. मी खुशीत होते. बैठकीत मी उभी राहिले आणि ब्लाउज कसा सैल झाला ते सगळ्यांना दाखवलं.

पुढच्याच बैठकीत गटातल्या एका काकूंनी ५,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं. त्यांचं नाव सांगत नाही, पण हे सगळं रेडिओवर सांगायला त्यांनी मला परवानगी दिली आहे. कर्जाचं कारण त्यांनी 'घरखर्च' लिहिलं. दोन डबे आणि चहाची पाकिटं घ्यायची आहेत हे मला माहीत होतं. दप्तर तपासणं माझं काम. मी सही केली. आमच्या गटाची महिन्याची बचत १०० रुपये. म्हणजे एका डब्यात काकूंची दोन वर्षांची बचत गेली, आणि वर व्याज.

काकूंना साखरेचा आजार आहे. सकाळी साखरेची गोळी असते. त्या गोळी घ्यायच्या आणि न्याहारीऐवजी शेक प्यायच्या. पहाटेच्या चहानं दोन-तीन वेळा जुलाब व्हायचे. डबावाली म्हणायची, 'शरीरातली घाण निघतेय, चांगलं आहे.' बाराव्या दिवशी कापूस वेचताना काकूंना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि त्या सरीतच बसल्या. शेजारच्या ओळीत वेचणाऱ्या वहिनींनी गुळाचा खडा तोंडात दिला, पाणी पाजलं. ग्रामीण रुग्णालयात नेलं तेव्हा गूळ खाऊनही साखर ५८ होती. अंगातलं पाणीही कमी झालं होतं. सलाइन लावलं. देवाची कृपा आणि वहिनींचं प्रसंगावधान, काकू वाचल्या.

डॉक्टरांनी विचारलं, 'गोळीशिवाय आणखी काय घेता?' काकू म्हणाल्या, 'काहीच नाही.' त्या खोटं बोलल्या नाहीत. त्यांच्या मते पावडर हे औषध नव्हतंच. मग मी पिशवीतून डबा काढून दाखवला, तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात सगळा प्रकार आला. गोळी साखर खाली आणते, आणि पोटात भाकरी नाही. पावडरच्या एका ग्लासावर बाई चार तास उन्हात वाकून काम करतेय. साखर उतरणारच.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण बंद करायचं नाही आणि कुठलीही पावडर, कॅप्सूल, काढा सुरू करायचा नाही. गोळी मनानं बंद करायची नाही, हेही तितकंच खरं. अचानक घाम, थरथर, चक्कर आली आणि बाई शुद्धीत असेल तर लगेच साखर किंवा गूळ द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, घशात अडकतं. कुशीवर झोपवा आणि १०८ नंबरला फोन करा.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला साखर नाही, बीपी नाही, मग घ्यायला काय हरकत? तर या वस्तूंमध्ये काय काय असतं आणि ते शरीरात काय करतं, ते एकेक करून बघू.

पोट साफ करणाऱ्या चहामध्ये बऱ्याचदा सोनामुखी असते. सोनामुखी आपल्या आजीलाही माहीत होती. पोट गच्च झालं की एखाद्या वेळी घ्यायची. रोज घेतली की जुलाबातून पाणी आणि क्षार निघून जातात. पायात गोळे येतात, गळाल्यासारखं होतं, क्षार फारच कमी झाले तर हृदयाचे ठोके बिघडतात. काट्यावर वजन उतरलेलं दिसतं, पण ते बरंचसं पाण्याचं असतं. दोन दिवस नीट जेवलं की परत येतं. माझ्या तीन किलोंतलेही बरेचसे तसेच होते. चहा बंद केल्यावर आठवड्यात दोन किलो परत आले.

कॅप्सूलमध्ये आणि 'चरबी जाळणाऱ्या' पुड्यांमध्ये कॅफिन असतं, म्हणजे चहा-कॉफीतलं तरतरी आणणारं द्रव्य, पण जास्त प्रमाणात. त्यानं छातीत धडधड होते, झोप उडते, रक्तदाब वाढतो. झोप उडाली की दुसऱ्या दिवशी भूक उलट जास्त लागते.

'ग्रीन टी'चा घट्ट अर्क आणि 'गार्सिनिया' नावाची कॅप्सूल यांनी काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय जगात आहेत. गार्सिनिया म्हणजे आपल्या कोकमाचं भावंड. म्हणून कुणी म्हणेल, कोकम तर आपण आमटीत घालतोच. आमटीतलं आमसूल वेगळं आणि फळांच्या सालींचा अर्क आटवून भरलेली कॅप्सूल वेगळी. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद पिवळी झाली, जेवणावरची वासना गेली, अंगाला खाज सुटली, तर ते बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि सगळ्यात धोक्याचं ते पाकिटावर लिहिलेलंच नसतं. सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं एक औषध होतं. त्यानं रक्तदाब आणि हृदयाचे ठोके वाढतात, हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, हे लक्षात आल्यावर २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत ते बंद झालं. भारत सरकारनं २०११ मध्ये त्याच्या उत्पादनावर आणि विक्रीवर बंदी घातली. तरीसुद्धा 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये ते चोरून मिसळल्याचं वेगवेगळ्या देशांतल्या तपासण्यांत पुन्हा पुन्हा आढळलं आहे. एखादी 'जडीबुटीची' गोळी घेतल्यावर दोनच दिवसांत भूक एकदम मेली, तोंड कोरडं पडलं, छाती धडधडायला लागली, तर ती गोळी गुणकारी आहे असं समजू नका. शंका घ्या.

शहरात आता वजनासाठी डॉक्टरांनी द्यायच्या गोळ्या आणि इंजेक्शनंही आली आहेत. ती ज्याला खरी गरज आहे त्याला, तपासण्या करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. मोबाइलवर मागवून किंवा मैत्रिणीच्या चिठ्ठीवर ती घ्यायची नाहीत. गरोदर बाईनं आणि अंगावर पाजणाऱ्या आईनं तर यातलं काहीच घ्यायचं नाही.

बायांनो, डबा हातात आला की चार गोष्टी बघायच्या. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या.

एक, त्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना नंबर आहे का? नसेल तर तिथंच परत द्या. पण नंबर आहे म्हणजे वजन उतरेल असा त्याचा अर्थ होत नाही. परवाना धंद्याचा असतो, चमत्काराचा नसतो.

दोन, घटक काय लिहिले आहेत? घटकच लिहिले नसतील, पुडी साध्या कागदात असेल, तर ती घ्यायची नाही.

तीन, अशा पूरक आहाराच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं लिहावं लागतं. बारीक अक्षरांत असतं, शोधा. डबा स्वतःच सांगतोय की मी औषध नाही. मग विकणारी बाई 'साखर जाते, थायरॉइड बरं होतं' म्हणते ते कशाच्या जोरावर? लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या जादुई उपायांविरुद्धच्या कायद्यानंच मनाई आहे.

चार, विकणारी तुम्हाला डबा विकतेय की 'खाली माणसं जोडा' म्हणतेय? माणसं जोडण्याचे पैसे देणारी साखळी २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनुसार चालत नाही. विक्रेत्यानं ओळखपत्राशिवाय आणि आधी विचारल्याशिवाय दारात यायचं नाही, असंही त्या नियमांत आहे.

त्रास झाला तर डबा फेकून देऊ नका. तो घेऊन दवाखान्यात जा. औषधाचे दुष्परिणाम कळवायला १८००-१८०-३०२४ हा सरकारी मोफत नंबर आहे. फसवणुकीची तक्रार करायला ग्राहकांसाठी १९१५ नंबर आहे. लिहून घ्या आणि गटाच्या दप्तराच्या मागच्या पानावर चिकटवा.

आता भुकेबद्दल. काकू घरी आल्यावर मी त्यांना विचारलं, 'काकू, हे घ्यावंसं का वाटलं?' त्या म्हणाल्या, 'पोरी, मला भूकच फार लागते. रात्री तर ताटावरून उठवतच नाही. डबावाली म्हणाली, भूकच मरेल.' मग आम्ही उपकेंद्रातल्या ताईंसमोर बसून काकूंचा दिवस लिहून काढला. पहाटे पाचला चहा. आठला चहा आणि दोन बिस्किटं. शेतात एक वाजता कोरडी भाकरी, मिरचीचा ठेचा. चारला चहा. सहाला चहा. रात्री सगळ्यांचं झाल्यावर दहाला जेवण. त्यात भाजी संपलेली, म्हणून भात जास्त. मुलांच्या ताटातलं उरलेलं टाकवत नाही म्हणून तेही पोटात.

ताई म्हणाल्या, 'काकू, तुमची भूक खोटी नाही. दिवसभर तुम्ही पोटाला चहावर ठेवता. रात्री ते हिशोब मागतं.'

मैत्रिणींनो, किती जणींचा दिवस असाच असतो! माझाही होता. आपण शेवटी जेवतो, उभ्या उभ्या जेवतो, आणि वजन वाढलं की भुकेला दोष देतो. भूक ही शरीराची हाक आहे. तिला गोळीनं गप्प बसवलं तर शरीराची गरज भागत नाही, फक्त आपल्याला ऐकू येईनासं होतं. तिला वेळेवर आणि योग्य जेवण दिलं तर ती आपोआप ताळ्यावर येते.

ताईंनी काकूंना जे सांगितलं ते सगळं घरातलंच आहे. ऐका.

सकाळी शेतात जायच्या आधी काहीतरी खाऊनच निघायचं. अर्धी-एक ज्वारीची भाकरी आणि सोबत पिठलं, मटकीची उसळ किंवा उकडलेलं अंडं. डाळी, कडधान्यं, अंडी, दूध-ताक यांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. नुसता भात, बिस्किटं, टोस्ट यांनी लवकर भूक लागते.

दुपारच्या डब्यात ठेच्यासोबत पालेभाजी किंवा वरण हवंच. बरोबर बाटलीत ताक न्यायचं.

संध्याकाळी पाच-सहाला, जेव्हा पोटात कावळे ओरडतात, तेव्हा मूठभर फुटाणे, एक पेरू किंवा काकडी. ही मूठ पोटात गेली की रात्रीची झडप येत नाही.

रात्री शक्यतो आठच्या आत, घरच्यांबरोबर बसून जेवायचं. ताट वाढतानाच अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव भाग डाळ किंवा उसळ, पाव भाग भाकरी किंवा भात. बसून, चावून जेवायचं. पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत जायला वीसेक मिनिटं लागतात. घाईनं जेवलं की तो निरोप पोचायच्या आधीच आपण दुसऱ्यांदा भात घेतलेला असतो.

चहा मोजा. पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला दहा चमचे. तीन कप आणि एकेक चमचा केला तर सात चमचे साखर वाचली. तेल मोजा. माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या आसपास पुरे. पाच माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्याभरात संपत असेल तर विचार करा. उपवासाला साबुदाण्याची खिचडी ताटभर नको, भगर आणि शेंगदाण्याची आमटी, ताक, एखादं फळ चालेल. आणि झोप पुरी घ्या.

मुलांचं उष्टं आपल्या पोटात टाकायचं बंद करा. आधीच कमी वाढा. आपलं पोट म्हणजे खरकट्याचं भांडं नाही.

इतकं केलं तर आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरेल. हळू वाटेल, पण टिकेल.

आणखी एक. वजन कमी करायची गरज आहे का, हे आधी बघा. शिवणाच्या टेपनं बेंबीच्या पातळीला कंबर मोजा. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचांच्या आत असावी. जास्त असेल तर उपकेंद्रात जा. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा फॉर्म आशाताई भरतात, रक्तदाब आणि साखर तिथं मोफत तपासतात. थायरॉइडमुळं किंवा पाळीच्या तक्रारींमुळं वजन वाढलेलं असेल तर त्याला तपासणी आणि उपचार लागतात. आणि आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. अशी बाई जेवण सोडून शेक प्यायला लागली तर काय होईल, सांगा बरं!

लेकींच्या बाबतीत तर हे जास्तच जपा. एका गावात एका आईनं लग्न जमवायचंय म्हणून सतरा वर्षांच्या मुलीसाठी डबा मागितला होता. ती मुलगी आधीच काडी होती. वाढत्या वयातल्या पोरीला अंडं द्या, भाकरी द्या. पाहुणे काय म्हणतील याचा भार तिच्या पोटावर टाकू नका. आणि तिच्या लग्नाचं अठराच्या आत बोलूही नका.

आता गटाचं काय झालं ते सांगते. काकू बऱ्या झाल्यावर मी बैठकीत पुन्हा उभी राहिले. म्हणाले, 'मी तुमच्यासमोर ब्लाउज दाखवला, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला. माझं चुकलं.' बोलताना माझा गळा दाटून आला. काकूच म्हणाल्या, 'बस खाली, रडू नको. गूळ सगळ्यांजवळ असतो का, ते आधी विचार.' सगळ्या हसल्या.

डबावालीला गटातून काढा, असं दोघी-तिघी म्हणाल्या. पण तिच्याही घरात १८,००० रुपयांचा माल पडून होता, तोही व्याजानं पैसे काढून भरलेला. तिलाही कुणीतरी फसवलंच होतं. गटानं तिला काढलं नाही. १९१५ वर तक्रार करायला मी तिच्याबरोबर बसले. आता ती त्याच ओळखीवर घरोघर फुटाणे आणि ज्वारीच्या लाह्या विकते. काकूंच्या कर्जाचं व्याज गटानं माफ केलं. मुद्दल त्या फेडताहेत, दोन हप्ते राहिले आहेत.

आणि गटानं एक ठराव लिहिला. औषध, पावडर किंवा कॅप्सूल घेण्यासाठी कर्ज हवं असेल तर आधी डबा बैठकीत ठेवायचा, सगळ्यांनी वाचायचा, आणि उपकेंद्रातल्या ताईंना विचारल्यावरच सही करायची. आपल्या दशसूत्रीत आरोग्य हे एक सूत्र आहेच. ते फक्त म्हणायला नको.

तुमच्या पुढच्या बैठकीसाठी एक काम देते. एक शिवणाची टेप न्या. प्रत्येकीची कंबर मोजा, कुणी कुणाला हसायचं नाही. मग प्रत्येकीनं कालच्या दिवसात किती वाजता काय खाल्लं ते सांगायचं. शेवटी एकच प्रश्न विचारायचा, 'काल रात्री कोण कोण सगळ्यांबरोबर बसून जेवलं?' किती हात वर होतात ते दप्तरात लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा.

काकूंचं वजन चार महिन्यांत साडेतीन किलो उतरलं आहे. साखर आटोक्यात आहे. कमरेला आता गुळाची पुडी बांधूनच त्या शेतात जातात. त्यांनी तुम्हाला सांगायला सांगितलंय, 'आधी जेवा, मग बोला.'

चला, तुमची जेवणं झाली नसतील तर जेवून घ्या. नमस्कार.